एक चीन, दोन सरकारं, दोन दोस्त: १९५०च्या मान्यतेच्या वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटन आणि अमेरिका दुसरं महायुद्ध खांद्याला खांदा लावून लढले. एप्रिल १९४९मध्ये ‘नाटो’च्या करारावर दोघांनी एकत्र सह्या केल्या. आणि त्यानंतर वर्षभराच्या आत, चीनचं खरं सरकार कोणतं या एका प्रश्नावर दोघांची तोंडं दोन दिशांना झाली. वर्गात हा विषय निघाला की तेच ते प्रश्न येतात. मला हे प्रकरण फार मोलाचं वाटतं, म्हणून त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहून ठेवतो आहे.

मुळात वाद काय होता?

१ ऑक्टोबर १९४९ रोजी, यादवी युद्ध जिंकत आलेले कम्युनिस्ट नेते माओ त्से तुंग यांनी पेकिंगमध्ये, म्हणजे आजच्या बीजिंगमध्ये, चिनी लोकप्रजासत्ताकाची घोषणा केली. तिथल्या परदेशी वाणिज्य दूतांना नवे परराष्ट्रमंत्री चाऊ एन लाय यांची पत्रं मिळाली: आमचं सरकार स्थापन झालं आहे, तुमच्या सरकारला कळवा. सोव्हिएत संघाने दुसऱ्याच दिवशी मान्यता दिली. इकडे च्यांग कै शेक यांचं कुओमिंतांग, म्हणजे राष्ट्रवादी पक्षाचं, सरकार मागे हटत हटत डिसेंबरमध्ये तैवान बेटावरच्या तैपेईला पोचलं, पण संपूर्ण चीनचे कायदेशीर राज्यकर्ते आपणच हा त्यांचा दावा कायम राहिला. युनोच्या सुरक्षा परिषदेतली कायम सदस्याची खुर्चीही त्यांच्याकडेच होती.

ब्रिटनने ६ जानेवारी १९५० रोजी पेकिंगला मान्यता दिली. अमेरिकेने ती दिली १ जानेवारी १९७९ रोजी. मधली २९ वर्षं हे दोन मित्र चीन म्हणताना दोन वेगळ्या सरकारांकडे बोट दाखवत होते.

देशाला मान्यता आणि सरकारला मान्यता यांत फरक काय?

एखाद्या हाउसिंग सोसायटीत दोन गट पडतात आणि दोन्ही गट म्हणतात, कमिटी आम्हीच. इमारत तीच, सभासद तेच, बँकेतलं खातंही तेच. बँकेचा मॅनेजर एवढंच विचारतो, की चेकवर कोणाची सही चालवायची? चीनच्या बाबतीत इमारतीबद्दल वाद नव्हता. चीन नावाचा देश आहे हे सगळ्यांनाच मान्य होतं, आणि तो एकच आहे यावर माओ आणि च्यांग यांचंही एकमत होतं. वाद होता तो सहीचा.

सरकारला मान्यता देणं म्हणजे ‘या देशाच्या वतीने करार, कर्ज, मालमत्ता, पासपोर्ट, खटला या सगळ्यांसाठी आम्ही यांची सही धरू’ असं सांगणं. त्या सरकारची धोरणं आवडतात की नाही, हा मुद्दा वेगळा.

मग ब्रिटनने घाई का केली?

घाई हा शब्द मला पटत नाही. ब्रिटनचा जुना दंडक असा होता, की देशाच्या बहुतेक भूभागावर ज्याची प्रत्यक्ष हुकमत आहे आणि ती टिकणार असं दिसतं, त्याला सरकार म्हणून मान्य करायचं. १९४९च्या अखेरीस चीनच्या मुख्य भूमीवर ती हुकमत कोणाची होती, याबद्दल शंकेला जागा उरली नव्हती.

याला हिशेबही जोडलेला होता. कँटन ऑक्टोबरच्या मध्यावर पडलं आणि लाल सेना ब्रिटनची वसाहत असलेल्या हाँगकाँगच्या वेशीवर येऊन उभी राहिली. शांघायमध्ये ब्रिटिश गिरण्या, गोद्या, बँका, जहाज कंपन्या होत्या. परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन हे कामगार चळवळीतून वर आलेले आणि कम्युनिस्टांशी उभा दावा मांडलेले गृहस्थ. पण दार बंद केलं तर चीन पुरता मॉस्कोच्या कच्छपी लागेल, असं त्यांचं मत होतं. आणि हे फक्त मजूर पक्षाचंच मत होतं असंही नाही. विरोधी बाकांवरून चर्चिल यांनी नोव्हेंबर १९४९मध्ये पार्लमेंटात सांगितलं होतं, की राजनैतिक संबंध कोणाचा गौरव करायला ठेवत नाहीत, आपली सोय व्हावी म्हणून ठेवतात. या अख्ख्या वादात याहून सरळ वाक्य मला दुसरं सापडलेलं नाही.

अमेरिकेचं घोडं कुठे अडलं?

तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे परंपरा. प्रत्यक्ष ताबा पाहून मान्यता देणं अमेरिकेलाही ठाऊक होतं, पण १९१३मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी मेक्सिकोच्या हुएर्ता सरकारला नकार दिल्यापासून सरकार सत्तेवर कसं आलं, ते आंतरराष्ट्रीय जबाबदाऱ्या पाळेल का, हेही तोलण्याची सवय तिथे रुजली. सोव्हिएत सरकारला मान्यता द्यायला अमेरिकेने १९३३पर्यंत वेळ घेतला होता.

दुसरं, चिनी अधिकाऱ्यांची वागणूक. मुकदेन (आजचं शेनयांग) इथले अमेरिकन महावाणिज्यदूत अँगस वॉर्ड यांना सहकाऱ्यांसह जवळजवळ वर्षभर नजरकैदेत ठेवलं गेलं. आपल्या दूताला कोंडणाऱ्यांना मान्यता द्या, असं अमेरिकी जनतेला सांगणार कोण?

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यांत जड, म्हणजे देशांतर्गत राजकारण. ‘चीन कोणी गमावला?’ हा सवाल काँग्रेसमध्ये गरजत होता. परराष्ट्रमंत्री डीन ॲचिसन यांना स्वतःला च्यांग यांच्याबद्दल मुळीच भरवसा वाटत नव्हता. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी ५ जानेवारी १९५० रोजी, ब्रिटिश मान्यतेच्या आदल्या दिवशी, तैवानला लष्करी मदत देणार नाही असं जाहीरही केलं होतं. म्हणजे दोन मित्रांमधलं अंतर त्या आठवड्यात वाटतं तेवढं मोठं नव्हतं. पुढे १४ जानेवारीला पेकिंगमधली अमेरिकन वाणिज्य दूतावासाची जागा चिनी अधिकाऱ्यांनी ताब्यात घेतली. जूनमध्ये कोरियात युद्ध पेटलं, २७ जूनला अमेरिकेचं सातवं आरमार तैवानच्या सामुद्रधुनीत निघालं, आणि ते दार वीस वर्षं बंद झालं.

ब्रिटनने अमेरिकेला अंधारात ठेवलं का?

पूर्णपणे नाही. बेव्हिन आणि ॲचिसन १९४९च्या शरद ऋतूत वारंवार बोलत होते, आणि डिसेंबरच्या मध्यावर ब्रिटिश मंत्रिमंडळाने निर्णय घेतल्यावर वॉशिंग्टनला तो कळवला गेला. पण ऑक्टोबरमध्ये एक ठिणगी पडली होती. ब्रिटनने पेकिंगला असं एक पत्र पाठवलं, की त्यातून प्रत्यक्षातली मान्यता दिल्यासारखा अर्थ निघत होता, आणि हे अमेरिकेला आधी सांगितलेलं नव्हतं. ट्रुमन नाराज झाले, आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. मित्राशी मतभेद असू शकतो. त्याची खबर मित्राला दुसरीकडून लागू नये.

भारत यात कुठे होता?

ब्रिटनच्या एक आठवडा पुढे. कम्युनिस्ट गटाबाहेरून पहिली मान्यता ब्रह्मदेशाने डिसेंबरच्या मध्यावर दिली, भारताने ३० डिसेंबर १९४९ रोजी. ४ जानेवारीला पाकिस्तान, सहाला ब्रिटन, आणि पाठोपाठ सिलोन, नॉर्वे, डेन्मार्क, इस्रायल, स्वीडन, स्वित्झर्लंड. नेदरलँड्सने मार्चमध्ये दिली. म्हणजे ‘नाटो’तलेच किमान चार देश एका बाजूला आणि अमेरिका दुसऱ्या बाजूला. राष्ट्रकुलातही एकवाक्यता नव्हती: ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड १९७२पर्यंत थांबले, कॅनडा १९७०पर्यंत.

नेहरूंचा निर्णय बरोबर होता का?

हा प्रश्न महाराष्ट्रात बहुतेक वेळा डॉ. आंबेडकरांच्या नावाने विचारला जातो. सप्टेंबर १९५१मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडताना त्यांनी दिलेल्या कारणांमध्ये परराष्ट्र धोरणावरचा असमाधानाचा मुद्दा ठळक होता, आणि २६ ऑगस्ट १९५४ रोजी राज्यसभेत त्यांनी पंचशील कराराची चिरफाड केली: ल्हासाचा ताबा चिन्यांना घेऊ देऊन पंतप्रधानांनी चीनची सीमा भारताच्या सीमेला आणून भिडवली, असा त्यांचा आरोप होता. सरदार पटेलांनीही ७ नोव्हेंबर १९५०च्या पत्रात नेहरूंना तिबेटवरून सावध केलं होतं.

माझं मत असं आहे. मान्यता देणं योग्य होतं. ज्याच्या हातात चीन होता त्याच्याशीच शेजारधर्म निभावायचा होता, तैपेईशी बोलून सीमेचा एक दगडही ठरला नसता. चूक झाली ती मान्यता देताना काहीही न मागण्यात. त्या क्षणी आपल्या सहीला भाव होता. पेकिंगला बिगर-कम्युनिस्ट देशांची मान्यता हवी होती. तिबेटमधले आपले हक्क आणि सीमा यांविषयी स्पष्ट शब्द घेण्याची ती वेळ होती, आणि ती निघून गेली. आंबेडकर आणि पटेल यांच्या इशाऱ्यांचं वजन मला आजही या ठिकाणी जाणवतं.

मान्यता देऊन ब्रिटनच्या पदरात काय पडलं?

फार थोडं. लंडनला वाटलं होतं, पत्र गेलं की राजदूत जाईल. पेकिंगने म्हटलं, आधी वाटाघाटी. ब्रिटिश मुत्सद्दी जॉन हचिसन फेब्रुवारी १९५०मध्ये पेकिंगला पोचले, पण चिनी लेखी ते वाटाघाटीसाठी आलेले प्रतिनिधी होते, दूत नव्हे. चीनच्या तक्रारी दोन-तीन होत्या. सुरक्षा परिषदेत १३ जानेवारीला कुओमिंतांगच्या प्रतिनिधीला हटवण्याचा ठराव आला तेव्हा भारत, सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया यांनी बाजूने मत दिलं, सहा देशांनी विरोधात, आणि ब्रिटन व नॉर्वे तटस्थ राहिले. आठवड्यापूर्वी ज्याला मान्यता दिली त्याच्यासाठी हात वर करायचा नाही, हे चीनला कसं पचावं? शिवाय तैवानमध्ये ब्रिटनचा वाणिज्य दूतावास चालूच होता. आणि हाँगकाँगची विमानं होती, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

लंडनचे हात दोन डगरींवर राहिले. अमेरिका रुसली ती रुसलीच, आणि चीनही जवळ आला नाही. शांघायमधल्या ब्रिटिश कंपन्या एकेक करून गाशा गुंडाळत गेल्या. कोरिया आणि इंडोचायनावरची जिनिव्हा परिषद चालू असताना, जून १९५४मध्ये, प्रभारी दूतांच्या पातळीवर संबंध ठरले. पूर्ण राजदूत मार्च १९७२मध्ये नेमले गेले.

हाँगकाँग मात्र राहिलं. त्याचं श्रेय एकट्या मान्यतेला देता येणार नाही, चीनलाही ती खिडकी उघडी हवी होती.

विमानांचा खटला काय होता?

मान्यतेची तारीख किती धारदार असते, हे याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

चीनच्या दोन विमान कंपन्यांची विमानं १९४९मध्ये हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावर उभी होती. ९ नोव्हेंबरला त्यांतली १२ विमानं वैमानिकांनी उडवून मुख्य भूमीवर नेली आणि ते माओंच्या सरकारला जाऊन मिळाले. मागे ७१ विमानं राहिली. जमिनीवरचे कर्मचारी पेकिंगच्या बाजूचे, विमानांवर पहारा त्यांचाच. १२ डिसेंबरला तैपेईच्या सरकारने ही विमानं अमेरिकन वैमानिक क्लेअर शेनॉल्ट आणि त्यांचे भागीदार व्हिटिंग विलाउअर यांना विकली, हेतू उघड होता: ती माओंच्या हाती पडू नयेत.

२५ दिवसांनी ब्रिटनने पेकिंगला मान्यता दिली. आता विमानं कोणाची?

हाँगकाँगच्या न्यायालयांनी आधी नव्या खरेदीदारांचा दावा फेटाळला. वॉशिंग्टनमधून दबाव आला, लंडनने खास हुकूम काढून दाव्याचा रस्ता पुन्हा मोकळा केला, आणि ४० विमानांचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींसाठीच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, गेला. जुलै १९५२मध्ये निकाल लागला: १२ डिसेंबर १९४९ला ब्रिटनच्या लेखी चीनचं सरकार कुओमिंतांगचंच होतं, तेव्हा त्या दिवशीची सही चालते. नंतर दिलेली मान्यता मागे जाऊन तो व्यवहार पुसत नाही. विमानं अमेरिकनांना मिळाली आणि चीनने लगोलग शांघायमधल्या ब्रिटिश गोद्या ताब्यात घेतल्या.

याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात बँक ऑफ चायनाच्या एका अमेरिकन बँकेतल्या सहा लाख डॉलरहून जास्त ठेवीचा वाद होता. तिथे पैसे तैपेईच्या बाजूला गेले, कारण अमेरिका त्यांनाच सरकार मानत होती. त्याच बँकेच्या हाँगकाँग, लंडन, कलकत्ता आणि आपल्या मुंबईच्या शाखा मात्र पेकिंगच्या कारभाराखाली गेल्या. बँक एकच, पण समुद्र ओलांडला की मालक बदलतो.

सामान्य माणसाला याची झळ लागते का?

लागते, आणि ती आधी परक्या देशात राहणाऱ्याला लागते. मुंबईत माझगावला गोदीच्या आसऱ्याने चिनी खलाशी आणि कारागीर राहत, तिथलं क्वान कुंगचं देऊळ आजही आहे. अशा माणसाच्या पेटीत कुओमिंतांगच्या शिक्क्याचा पासपोर्ट असेल, तर ३० डिसेंबर १९४९नंतर त्या शिक्क्यामागे उभी राहणारी वकिलातच भारतात उरली नाही. त्याने काही केलेलं नव्हतं. दिल्लीत एक निर्णय झाला होता.

मान्यता न देण्याची किंमत अमेरिकेने मोजली का?

मोजली, आणि फार मोठी मोजली असं माझं ठाम मत आहे.

२ ऑक्टोबर १९५०ची मध्यरात्र. पेकिंगमधले भारताचे राजदूत सरदार के. एम. पणिक्कर झोपलेले असताना त्यांना उठवण्यात आलं, चाऊ एन लाय भेटायला बोलावत आहेत. साडेबाराच्या सुमारास भेट झाली. चाऊ यांनी सांगितलं, अमेरिकन फौजा ३८ अक्षांशाची रेषा ओलांडून उत्तर कोरियात शिरल्या तर चीन युद्धात उतरेल. दक्षिण कोरियाच्या फौजेबद्दल त्यांचं म्हणणं नव्हतं, अमेरिकनांबद्दल होतं.

हा निरोप वॉशिंग्टनला थेट द्यायला पेकिंगमध्ये अमेरिकेचा माणूसच नव्हता. तो पणिक्करांकडून दिल्लीला, दिल्लीहून लंडनला आणि मग वॉशिंग्टनला गेला. तिथे पणिक्करांना चीनधार्जिणे समजत, म्हणून ती नुसती धमकी ठरली. काही दिवसांतच अमेरिकन फौजांनी रेषा ओलांडली. १९ ऑक्टोबरला चिनी सैन्याने यालू नदी पार करायला सुरुवात केली. पेकिंगमध्ये अमेरिकेची स्वतःची वकिलात असती तर वॉशिंग्टनने हा इशारा मानलाच असता, असं छातीठोक म्हणता येत नाही. पण ऐकण्यासाठी दुसऱ्याचे कान उसने घ्यायचे आणि मग त्या कानांवरच अविश्वास दाखवायचा, यातून दुसरं काय निघणार होतं?

ब्रिटनची अवस्था वेगळ्याच प्रकारे अवघड. एप्रिल १९५१मध्ये कोरियातल्या इमजिन नदीवर ब्रिटिश तुकड्या ज्या सैन्याशी लढल्या, त्याच्या सरकारला लंडनची मान्यता होती.

हे दोन देश मतभेद असतानाही एकत्र कसे राहिले?

मतभेद कागदावर मांडून. डिसेंबर १९५०मध्ये पंतप्रधान ॲटली वॉशिंग्टनला गेले, तेव्हा निघालेल्या संयुक्त पत्रकात चीनच्या युनोतल्या जागेबद्दल दोन्ही सरकारांची मतं वेगळी आहेत हे उघडपणे लिहिलं गेलं.

जपानशी शांतता करार करताना पेच पुन्हा आला. जपानने सर्वांत जास्त होरपळलेला देश चीन, पण निमंत्रण कोणत्या चीनला? १९५१मध्ये अमेरिकेचे जॉन फॉस्टर डलेस आणि ब्रिटनचे हर्बर्ट मॉरिसन यांनी तोडगा काढला: सॅन फ्रान्सिस्कोला दोघांनाही बोलवायचं नाही, स्वतंत्र झाल्यावर जपानने स्वतः ठरवावं. मग डिसेंबरमध्ये डलेस यांच्या आग्रहावरून पंतप्रधान योशिदा यांनी, आम्ही तैपेईशीच करार करू, असं पत्र लिहून दिलं. ते जाहीर झाल्यावर लंडनमध्ये संताप उसळला आणि तो रास्त होता. भारत त्या परिषदेला गेलाच नाही, आपण जपानशी जून १९५२मध्ये वेगळा करार केला.

मान्यता नाही म्हणजे बोलणंच नाही, असं असतं का?

नाही. १९५५पासून जिनिव्हात आणि नंतर वॉर्सात अमेरिका आणि चीनच्या राजदूतांच्या १३६ बैठका झाल्या, सगळ्या मान्यतेविना.

युनोतली जागा शेवटी कधी बदलली?

२५ ऑक्टोबर १९७१ रोजी आमसभेत, ७६ विरुद्ध ३५ मतांनी, १७ तटस्थ. ब्रिटनने पेकिंगच्या बाजूने मत दिलं. फ्रान्सने १९६४मध्येच मान्यता देऊन अमेरिकेच्या गोटाला खिंडार पाडलं होतं.

आजही मित्रांमध्ये असे वाद होतात का?

होतात. २०१९मध्ये अमेरिकेने आणि युरोपातल्या बहुतेक देशांनी व्हेनेझुएलात सत्तेवरच्या मादुरो यांच्याऐवजी विरोधी नेते हुआन ग्वाइदो यांना हंगामी अध्यक्ष मानलं, पण इटलीने साथ दिली नाही आणि युरोपीय संघाचं एकत्र निवेदन अडलं. बँक ऑफ इंग्लंडमध्ये ठेवलेलं व्हेनेझुएलाचं सुमारे ३१ टन सोनं कोणाच्या सहीने निघणार, यावर लंडनमध्ये खटला उभा राहिला. प्रश्न काई ताकच्या विमानांचाच होता.

गंमत नव्हे, पण नोंद घेण्यासारखी बाब म्हणजे ब्रिटनने एप्रिल १९८०मध्येच जाहीर केलं होतं, की यापुढे आम्ही सरकारांना नव्हे, फक्त देशांना मान्यता देऊ. मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री हेनारो एस्त्रादा यांनी हाच विचार १९३०मध्ये मांडला होता. तरीही ग्वाइदोंच्या वेळी लंडनला नाव घ्यावंच लागलं. काबूलमध्ये भारताने ऑक्टोबर २०२५मध्ये तांत्रिक कार्यालयाचा दर्जा वाढवून दूतावास करायचं ठरवलं, तालिबानला औपचारिक मान्यता न देता. त्याआधी जुलैमध्ये रशियाने ती देऊन टाकली होती.

तैवानमधल्या त्या ब्रिटिश वाणिज्य दूतावासाचं पुढे काय झालं?

तामसुई इथे नदीच्या मुखाशी डचांच्या काळातला एक जुना किल्ला आहे, लाल भिंतींचा. ब्रिटनचं वाणिज्य कार्यालय तिथे होतं. लंडनचा युक्तिवाद असा, की हे कार्यालय तैवान प्रांताच्या अधिकाऱ्यांपुरतं आहे, च्यांग यांच्या सरकारशी त्याचा संबंध नाही. बावीस वर्षं हे असं चाललं. मार्च १९७२मध्ये पेकिंगला पूर्ण राजदूत पाठवायचं ठरलं आणि कार्यालय बंद झालं. वास्तूची देखभाल ऑस्ट्रेलियाकडे गेली. त्याच डिसेंबरात ऑस्ट्रेलियाने पेकिंगला मान्यता दिली, तेव्हा ती अमेरिकेकडे आली. १९७९मध्ये अमेरिकेनेही तैपेईशी संबंध तोडले आणि पुढच्या वर्षी किल्ला तैवानच्या सरकारच्या ताब्यात गेला.